घर्षण कमी

४ फेब्रुवारी

आज ऑफिसात व्याख्यान झालं आणि प्रत्येकाला एकेक डायरी मिळाली. कव्हरवर सोनेरी अक्षरांत 'घर्षणमुक्त कामाकडे' असं छापलंय. व्याख्याता चकाचक बुटांचा माणूस. त्यानं दोन्ही तळहात एकमेकांवर घासले, आम्हालाही घासायला लावले आणि विचारलं, "काय झालं?"

"गरम झालं," मागून हमालांपैकी कुणीतरी म्हणालं.

"हेच! घर्षण म्हणजे उष्णता आणि उष्णता म्हणजे नुकसान!"

मग कामातलं घर्षण, घरातलं घर्षण, मनातलं घर्षण. दोन तासांत त्यानं तो शब्द इतका वापरला की घासून पार गुळगुळीत झाला. रोज एक घर्षण या डायरीत टिपायचं आणि ते मिटलं की त्यावर काट मारायची, अशी आज्ञा आहे. आमचे साहेब पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते. त्यांना मागून सगळे 'सुरळीत' म्हणतात, कारण फोन उचलला की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "सगळं सुरळीत ना?" आणि नाही म्हणायची सोय नसते.

शेवटी दादा उठला. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. या सहा मजली गोदामात मालाच्या तीन लिफ्ट आहेत आणि बावीस वर्षं तोच त्यांचा मेकॅनिक. मला इथे कारकुनाची नोकरी त्यानंच लावली. तो म्हणाला, "घर्षण नसेल तर माझी लिफ्ट खाली येईल, साहेब."

सगळे हसले. मीही हसले, कारण दादा चारचौघांत बोलायला उठला की मला आधी लाजच वाटते.

५ फेब्रुवारी

आजचं घर्षण : वहिनी.

एवढं लिहून थांबायला हरकत नव्हती, पण सांगतेच. नवऱ्याचं घर सोडून मी दादाकडे आले त्याला चार वर्षं झाली. दोन खोल्या, त्यातल्या बाहेरच्या खोलीत पडद्यामागे माझी खाट. वहिनी भरतकाम करते, टेबलक्लॉथ आणि उशांचे अभ्रे दुकानांना पुरवते. तिची ती लाकडी चौकट दिवसभर माझ्या खाटेवर पसरलेली असते. आज मी दमून येऊन पाठ टेकली आणि दंडात सुई घुसवून घेतली. "वन्सं, बघून बसावं ना," ती म्हणाली, आणि आधी सुई वाकडी झाली का ते पाहिलं.

एक मात्र मान्य करते, तिच्या हातात कला आहे. जुन्या अभ्र्यावरची एखादी वेल उतरवून घ्यायची असली की ती त्यावर पातळ कागद ठेवते, पेन्सिल आडवी धरून हलकी घासते आणि टाका न् टाका कागदावर उठतो. मी घासलं तर नुसता काळा डाग पडतो.

११ फेब्रुवारी

व्याख्यानाचं फळ म्हणून साहेबांनी नवा फॉर्म काढला. टाइप मीच केला.

आजवर दादा लिफ्ट तपासून आपल्या लांबलचक वहीत लिहायचा आणि ती वही साहेबांच्या टेबलावर जायची. साहेबांना ती वाचवत नाही. दादाचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, आणि लिहितो इतकं दाबून की मागच्या पानावरून बोट फिरवलं तर ओळी हाताला लागतात. आता वही माझ्याकडे येणार, मी त्यातून फॉर्म भरणार आणि साहेब नुसता फॉर्म बघणार. प्रत्येक लिफ्टपुढे चार रकाने : आवाज, वेग, घर्षण, धूळ. प्रत्येकात खूण करायला दोनच शब्द, कमी किंवा जास्त. शेवटी 'समाधानकारक' आणि 'असमाधानकारक'. मी खाली 'शेरा' म्हणून एक ओळ ठेवली होती, ती साहेबांनी काढायला लावली. "शेरा म्हटलं की लोक लिहीत बसतात."

दादानं फॉर्म उलटासुलटा करून पाहिला. "घर्षणाला एकच रकाना? रुळांवर ते कमी पाहिजे आणि ब्रेकवर जास्त पाहिजे. दोन्ही एका खणात कसं कोंबणार तू?"

"मी नाही कोंबत, साहेब कोंबतात."

"अगं, मोटार लिफ्टला नुसती वर नेते. थांबल्यावर तिला जागेवर धरून कोण ठेवतं? ब्रेकचं लायनिंग. घट्ट घासून धरतं म्हणून ती थांबते. तिथं कमी झालं की संपलं."

मी हूं हूं करत होते. डबा खायची वेळ झाली होती.

१७ फेब्रुवारी

चौकट पुन्हा खाटेवर. मी ती उचलून भिंतीला उभी केली, ती पडली आणि ताणलेलं कापड मधोमध फाटलं. वहिनीचं तीन आठवड्यांचं काम. मुद्दाम नाही केलं. (इथे तरी खोटं कशाला? जरा जोरात ठेवली होती.)

वहिनी ओरडली नाही. फाटलेलं कापड मांडीवर घेऊन कडा जुळवत बसली. तेच मला जास्त लागलं, म्हणून मग मीच ओरडले. चार वर्षं या घरात माझं म्हणून आहे काय, एक खाट, तीही दिवसा माझी नाही, असं बरंच काही. दादा मध्ये पडला आणि म्हणाला, "आधी तिची माफी माग." मला म्हणाला! लहानपणी याच्यासाठी मी किती वेळा आईसमोर खोटं बोलले असेन.

माफी मागितली नाही. आता त्याच्याशी बोलणारही नाही.

२० फेब्रुवारी

अबोल्याचा चौथा दिवस. डायरीत टिपायला घर्षणच नाही. घरात कुणी कुणाला काही विचारत नाही, दार उघडतं, बंद होतं, जेवणं होतात, दिवस कसे घसरत जातात. तो व्याख्याता आमच्याकडे राहायला आला तर खूश होईल.

सकाळी दादा वही न बोलता टेबलावर ठेवून गेला. मी लगेच फॉर्म भरून टाकला. तीन नंबरच्या लिफ्टपुढे 'घर्षण कमी' एवढं नीट लागलं, बाकी मुंग्या. 'कमी'वर खूण, 'समाधानकारक'वर खूण. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "बघा, तिन्ही समाधानकारक. किती सुरळीत झालं."

दुपारी दादा पुन्हा दारात येऊन उभा राहिला आणि काहीतरी पुटपुटला. मी मान वर केली नाही, कीबोर्ड बडवत राहिले. माफी मागायला आला असेल तर मोठ्यानं मागावी. जरा वेळ उभा राहिला, मग टेबलावरची वही उचलली, भिंतीला टेकवून तिच्यात काहीतरी खरडलं, परत ठेवली आणि गेला. माझ्या अबोल्याचीही नोंद ठेवतोय की काय कोण जाणे.

त्याला आठवडाभर पलीकडच्या गोदामात नवी लिफ्ट बसवायला पाठवलंय. बरं झालं.

२६ फेब्रुवारी

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

तीन नंबरची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर उभी होती. पैलवान माल भरलेली गाडी ओढत बाहेर येत होता. (पैलवान म्हणजे आमचा हमाल. अंगानं काडी, म्हणून पैलवान.) एक पाय बाहेर, एक आत. आणि लिफ्ट खाली सरकली. कोसळली नाही, सरकली, हातभरच. त्याचं ओरडणं चौथ्या मजल्यावर ऑफिसात ऐकू आलं. मी जिन्यानं धावत गेले. त्याचं पाऊल मजल्याच्या कडेत आणि लिफ्टच्या चौकटीत सापडलं होतं. चौघे लिफ्टला खांदा लावून उभे होते आणि ती केसभरही हलत नव्हती.

दादा पलीकडच्या गोदामातून धावत आला, वर मशीनपाशी जाऊन हातानं चाक फिरवलं, तेव्हा पाय सुटला. पैलवानाला नेल्यावर दादा खाली आला. आधी फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नऊ दिवसांनी माझ्याशी बोलला तो हे बोलला : "चावी काढून घेतली नव्हती?"

"कुठली चावी?" मी म्हटलं.

तो नळाकडे गेला. पाण्याखाली हात धरून उभा राहिला, साबण न लावता, बराच वेळ.

२८ फेब्रुवारी

दादा निलंबित. फॉर्मवर 'तपासणारा' म्हणून त्याचं नाव आहे. तीन नंबर, घर्षण कमी, समाधानकारक. ब्रेकचं लायनिंग झिजून गुळगुळीत झालं होतं, म्हणून लिफ्ट धरली गेली नाही, असं निघालं. साहेबांनी त्याला माझ्यासमोर विचारलं, "हे तुम्हीच लिहिलं होतं ना?"

दादानं फॉर्म पाहिला. मला वाटलं, आता तो वही मागेल. तो म्हणाला, "मी तसंच लिहिलं असेल."

घर्षण कमी. ब्रेकवर कमी झालं की संपलं. डब्याच्या वेळचं त्याचं बोलणं मला तेव्हा आठवलं. त्यानं धोका लिहिला होता आणि मी त्याला पास केलं. पण दोनच शब्द लिहिले होते त्यानं. भिंतीवर कंपनीच लावते 'घर्षण कमी करा' म्हणून. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर काय वेगळं केलं असतं?

चौकशी १९ मार्चला. बाहेरून तपासनीस बाई येणार आहेत. दादावर शाबीत झालं तर त्याचं मेकॅनिकचं लायसन कायमचं रद्द होईल. बावीस वर्षं त्यानं दुसरं कुठलंही काम केलेलं नाही.

वही माझ्या कपाटात आहे. उघडली नाही. उघडली की काहीतरी ठरवावं लागेल.

३ मार्च

साहेबांनी आत बोलावलं. खुर्ची दिली. "तुमचा फॉर्म निर्दोष आहे," म्हणाले. "दिलं ते तुम्ही उतरवलं. त्यावरच ठाम राहायचं. आणि तुमचं पर्मनंट करायचं मी मनावर घेतलंय." त्या जुन्या वह्या आता रद्दीत काढा, असंही म्हणाले. त्या काढल्या की घोळ संपला.

बाहेर आले तर दादा. किल्ल्यांचा जुडगा परत करायला आला होता. निलंबित माणसाला कुणी खुर्ची देत नाही, तो माझ्या टेबलापाशी उभा होता. पाणी मागितलं. मी भरून आणेपर्यंत तो कपाटाशी जाऊन आपली वही हातात घेऊन उभा. मला वाईट वाटलं. बावीस वर्षांची सवय, निरोप घेत असेल. माझं पाऊल वाजताच वही जागेवर ठेवली आणि खिशात हात घातला. पाणी प्यायला, म्हणाला, "तू नीट राहा. कुणी काही विचारलं तर फॉर्म दाखव. जास्त बोलू नकोस."

म्हणजे त्याला काहीच कळलेलं नाही. बिचारा फॉर्मलाच खरं मानून बसलाय. माझी चूक आहे हे याला कुणी सांगायचं?

७ मार्च

दादा दिवसभर घरी असतो. दोन खोल्यांत तो कुठेही बसला तरी वाटेत असतो. दाराच्या बिजागरीला तेल घाल, खिडकीची कडी घास, माझी खाट वाजते तिचा पाय बसव. सगळं घर त्यानं बिनआवाजी करून टाकलंय. आता मी कूस बदलली तरी खाट वाजत नाही आणि मला झोप येत नाही.

आज भाजी निवडताना वहिनीनं विचारलं, "वन्सं, तुम्ही तिथेच बसता. ह्यांनी असं कसं लिहिलं? घरातला पंखा वाजला तरी हे जेवण टाकून उठतात."

"मला काय माहीत? मी फक्त उतरवते."

"वहीतही तेच होतं?"

आतून दादा म्हणाला, "तिला काही विचारत बसू नकोस." वहिनीनं पुढची जुडी ओढली. मी भाजीची चांगली पानं केरात टाकली आणि देठं ठेवली.

सांगितलं तर नोकरी जाईल. नोकरी गेली की या घरात मी कोण? नोकरी आहे तोवर मी बहीण आहे. नंतर फक्त खाट अडवणारी. आणि नाही सांगितलं तर रोज संध्याकाळी याच घरात यायचं आहे आणि त्यानं तेल घातलेलं दार उघडायचं आहे. कुठल्याही बाजूनं विचार केला तरी मी त्याच चार पायऱ्यांवर वर-खाली करतेय.

१० मार्च

पैलवानाला बघायला गेले. पाऊल वाचलं नाही. मला बघून उठून बसायला लागला, मी नको म्हटलं तरी.

"ताई, तुमच्या दादाची काही चूक नाही," म्हणाला. "मला म्हणाले होते ते. त्या दिवशी जाताना म्हणाले, तीन नंबरला हात लावू नको, ऑफिसात सांगितलंय, आता चावी काढून घेतील. मी दोन दिवस वाट बघितली. चावी काढली नाही म्हटल्यावर मला वाटलं, दुरुस्त झाली."

लिफ्ट बंद ठेवायची तर साहेबांच्या सहीनं तिची चावी ऑफिसात काढून ठेवतात. गेल्या वर्षी दादानं न विचारता लिफ्ट बंद केली तेव्हा त्याला मेमो मिळाला होता. म्हणून या वेळी त्यानं ऑफिसात सांगितलं. म्हणजे साहेबांना सांगितलं आणि साहेबांनी कानाडोळा केला! आणि वर मला खुर्ची देतात. रस्ताभर मी साहेबांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. किती दिवसांनी छातीवरचं ओझं जरा हलकं वाटलं.

घरी येऊन दादाला विचारलं, "तू साहेबांना तोंडी सांगितलं होतंस ना? मग बोलत का नाहीस?"

तो बिजागरीला तेल घालत होता. त्यानं मान वर केली नाही.

१४ मार्च

पर्मनंटचं पत्र मिळालं. घडी करून या डायरीत ठेवलंय. घरी सांगितलं नाही. रद्दीवाला सोमवारी येणार.

१७ मार्च

आज ठरवलं. निदान वही दाखवायची. फॉर्म भरताना माझं चुकलं हे कबूल करायचं. फार तर मी मूर्ख ठरेन, पण साहेबांनाही उत्तर द्यावं लागेल. रद्दीवाला यायच्या आधी वही पिशवीत घातली, डोकं दुखतंय म्हणून दुपारीच घरी आले. दादा पैलवानाकडे गेला होता. खाटेवर बसून वही उघडली.

वीस तारखेचं पान नव्हतं. शिवणीपाशी कागदाचे दात उरले होते.

मी इतकी मोठ्यानं रडले की वहिनी चौकट टाकून आली. तिला सगळं सांगून टाकलं. फॉर्म, दोन शब्द, खूण, पर्मनंटचं पत्रसुद्धा. साहेबांनी पान फाडलं, आता पुरावा नाही, दादा गेला. ती उभ्यानं ऐकत होती. मग म्हणाली, "सरका."

खाटेवर बसली. वही मांडीवर घेतली आणि पुढच्या कोऱ्या पानावरून बोट फिरवलं, कापड बघावं तसं. कानामागची पेन्सिल काढली, आडवी धरली आणि हलकी हलकी घासायला लागली. पान करडं होत गेलं आणि त्यात पांढऱ्या मुंग्या उठायला लागल्या. तिला ते अक्षर वाचता येतं. इतक्या वर्षांत मला आलं नाही.

"लिफ्ट तीन," ती वाचायला लागली. "ब्रेकचे घर्षण कमी. लायनिंग झिजले. नवीन येईपर्यंत लिफ्ट बंद ठेवणे. चावी काढून घ्यावी." पेन्सिल एक ओळ खाली सरकली. ही ओळ तिरकी होती, भिंतीला टेकवून लिहिल्यासारखी. वहिनी थांबली. मग तिनं तीही वाचली.

"बहिणीला तोंडी सांगितले. ऐकले असावे."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. दारात उभा राहिलेला दादा मला दिसला. ओठ हलत होते, आणि मी कीबोर्ड बडवत होते.

"ह्यांनीच फाडलंय," वहिनी म्हणाली. "तुमचं नाव होतं म्हणून."

पाण्याचा पेला. खिशात घातलेला हात. जास्त बोलू नकोस. सगळं याच डायरीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. आत्ता मागची पानं चाळली तर मला काहीच नवीन सापडलं नाही.

मला वाटलं, वहिनी नेहमीसारखी गप्प बसेल. ती वही बंद करून उठली आणि चार वर्षांत पहिल्यांदा भांडली. फाटलेला टेबलक्लॉथ, भाजीची पानं, अबोला, माझी खाट, तिची खाट, पैलवानाचा पाय. "तुमच्या फुगण्यापायी एका माणसाचं पाऊल गेलं, वन्सं! आणि माझा माणूस गुन्हेगार झाला!" शेजारची बाई दारात आली तरी थांबली नाही. मी ऐकत राहिले. एकेक शब्द ऐकला.

१९ मार्च

चौकशी झाली. तपासनीस बाई, कंपनीचे दोघे, साहेब, उतरवून घेणारा एक कारकून. दादा उभा राहिला आणि ठरल्यासारखा म्हणाला, "मी समाधानकारकच लिहिलं होतं. माझी चूक आहे."

मी उठले. दादा मोठ्यानं म्हणाला, "खाली बस." बसले नाही. वही बाईंसमोर ठेवली. त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस झालं नाही. साहेब म्हणाले की असल्या पेन्सिलीच्या खेळाला काय अर्थ आहे. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि चष्मा लावून सगळं वाचलं.

"यातली बहीण कोण?"

"मी."

"सांगितलं होतं यांनी?"

"हो. दारात येऊन."

"मग ऐकलं नाहीत?"

"नाही. आमचा अबोला होता."

कारकुनाचं पेन थांबलं. हे कसं लिहायचं, असं त्यानं विचारलं. साहेब चटकन म्हणाले, "कौटुंबिक घर्षण, असं लिहा."

"नाही," मी म्हटलं. "घर्षण नव्हतं. भांडत असते तर ऐकलं असतं. अबोला लिहा."

बाईंनी त्याला मान हलवून खूण केली. त्यानं लिहिलं.

२१ मार्च

दादाचं लायसन राहिलं. सोमवारपासून कामावर. फॉर्म रद्द झाला, साहेबांची चौकशी होणार म्हणतात, होईल किंवा सुरळीत होईल. मला काढलं. पोलिसांनी जबाब घेतलाय, पुन्हा बोलावतील.

पैलवानाकडे जाऊन सांगितलं. मी नीट, पहिल्यापासून सांगितलं. तो ऐकून भिंतीकडे तोंड करून पडला. मी तासभर बसले. निघताना त्याची बायको म्हणाली, "परत येऊ नका."

दादा माझ्याशी बोलत नाही. चौकशीतून बाहेर पडताना एवढंच म्हणाला होता, "मी तुला वाचवत होतो." त्यानंतर काही नाही. माझी तीच लायकी आहे. पण या वेळी मी दिवसभर घरी असते आणि पडदा उघडा ठेवते.

२५ मार्च

आजचं घर्षण : सकाळी वहिनीशी, चौकटीवरून. तिला खाटेचा खिडकीकडचा भाग हवा, मलाही. दोघींचे आवाज चढले. शेवटी खाट फिरवून आडवी लावली. आता दोघींनाही अडचण होते.

दुपारी मी तिचा फाटलेला टेबलक्लॉथ सांधत बसले होते. दादा कामावर निघाला होता, दारात थांबला आणि चप्पल घालता घालता, माझ्याकडे न बघता, काहीतरी पुटपुटला.

मी सुई खाली ठेवली. उठले. त्याच्यापर्यंत गेले.

"काय म्हणालास?"

"काही नाही. मोरीचा नळ गळतोय म्हटलं. वायसर बदलायला पाहिजे."

"मोरीचा नळ," मी म्हटलं. "वायसर. आणून ठेवते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"ऐकलं," मी म्हटलं.